पाण्यात हायड्रोजनचे अणू किती?

व्हिनेगरला आंबटपणा देणाऱ्या अ‍ॅसेटिक आम्लाचं सूत्र आज अकरावीतला विद्यार्थी न थबकता लिहितो. १८६१ साली ऑगस्ट केकुले यांनी आपल्या सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात याच आम्लाची १९ वेगवेगळी सूत्रं एकाखाली एक मांडली होती. ही सगळी सूत्रं त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांनी गंभीरपणे सुचवलेली होती. पदार्थ एकच, बाटली एकच, तराजूवर येणारे आकडेही तेच. तरीही तो कशाचा बनला आहे यावर युरोपात एकमत नव्हतं.

अकरावीच्या रसायनशास्त्राचं पहिलं प्रकरण मूलभूत संकल्पनांचं असतं. मूलद्रव्य, संयुग, अणू, रेणू, अणुवस्तुमान, मोल, रासायनिक समीकरण अशा क्रमानं व्याख्या येतात, मुलं त्या पाठ करतात आणि गणितं सोडवायला लागतात. मला हे प्रकरण रसायनशास्त्रातलं सगळ्यात नाट्यमय प्रकरण वाटतं, आणि तेच सगळ्यात कोरडं करून शिकवलं जातं याचं मनापासून वाईट वाटतं. कारण या व्याख्या म्हणजे पन्नास वर्षं अडून बसलेल्या एका प्रश्नाची उत्तरं आहेत. पुस्तकात उत्तरं उरली, प्रश्न गळून पडला.

प्रश्नाची सुरुवात तराजूपासून झाली. आंत्वान लाव्हाझिए यांनी बंद भांड्यात पदार्थ जाळून, वायूंसकट सगळ्याचं वजन करून दाखवलं, की रासायनिक बदलात वस्तुमान नाहीसं होत नाही आणि नव्यानं निर्माणही होत नाही. १७८९ च्या त्यांच्या ग्रंथात ३३ मूलद्रव्यांची यादी आहे. तिच्यात प्रकाश आणि उष्णताही आहेत, पण ज्याचं आणखी विघटन करता येत नाही ते मूलद्रव्य, ही त्यांची कसोटी टिकली. पुढं जोसेफ प्रूस्त यांनी दाखवलं, की संयुग निसर्गात सापडलेलं असो की प्रयोगशाळेत बनवलेलं, त्यातल्या मूलद्रव्यांचं वजनी प्रमाण ठरलेलंच असतं. पाण्याचंच घ्या. कुठल्याही विहिरीचं पाणी शुद्ध करून त्याचं विघटन केलं, तर १ ग्रॅम हायड्रोजनमागं ८ ग्रॅम ऑक्सिजन मिळतो.

हे असं का, याचं उत्तर मँचेस्टरच्या जॉन डाल्टन या शिक्षकानं दिलं. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू ठरावीक वजनाचे असतात आणि ते पूर्ण संख्येनंच एकत्र येतात, हे त्यांनी १८०८ साली ग्रंथरूपानं मांडलं. तराजूवर दिसणारं प्रमाण हे डोळ्यांना न दिसणाऱ्या मोजणीचं प्रतिबिंब आहे, हा त्यांचा विचार आजही रसायनशास्त्राचा कणा आहे.

पण इथंच पेच पडला. पाण्यात हायड्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू असेल, तर ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या ८ पट जड ठरतो. हायड्रोजनचे दोन अणू असतील, तर तो १६ पट जड ठरतो. म्हणजे अणूचं वजन काढायचं तर सूत्र माहीत हवं, आणि सूत्र ठरवायचं तर अणूचं वजन माहीत हवं. तराजू कितीही अचूक केला तरी या चक्रातून सुटका नाही. डाल्टन यांनी एक नियम गृहीत धरला: दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग माहीत असेल, तर त्यात एकास एक अणू मानायचे. त्यामुळं त्यांचं पाणी 'एच-ओ' होतं आणि अमोनिया 'एन-एच'. सोपेपणापलीकडं या नियमाला आधार नव्हता.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये गे-ल्युसॅक वायूंची आकारमानं मोजत होते. २ लिटर हायड्रोजन आणि १ लिटर ऑक्सिजन यांचा संयोग झाला, की त्याच तापमानाला आणि दाबाला २ लिटर पाण्याची वाफ मिळते. किती स्वच्छ आकडे! १८११ साली इटलीतल्या आमेदेओ अ‍ॅव्होगॅड्रो यांनी त्यातून दोन अनुमानं काढली. तापमान आणि दाब समान असेल, तर समान आकारमानाच्या वायूंमध्ये रेणूंची संख्या समान असते, हे पहिलं. दुसरं अधिक धाडसी होतं. ऑक्सिजनच्या एका रेणूपासून पाण्याचे दोन रेणू बनायचे असतील, तर ऑक्सिजनचा रेणू दुभंगलाच पाहिजे, म्हणजे तो दोन अणूंचा असला पाहिजे. अणू आणि रेणू यांतला फरक इथं जन्माला आला. आपण तो एका ओळीच्या व्याख्येत शिकतो.

अ‍ॅव्होगॅड्रो यांचं म्हणणं जवळजवळ अर्धशतक बाजूला पडून राहिलं. त्यांच्याकडं दुर्लक्ष करणाऱ्यांना अडाणी ठरवून मोकळं होणं मला पटत नाही, कारण विरोधाला कारणं होती. स्वीडनचे बर्झेलियस हे त्या काळचे सर्वांत कसलेले विश्लेषक. मूलद्रव्यांना अक्षरांची चिन्हं देण्याची आजची पद्धत त्यांचीच. त्यांच्या मते धन आणि ऋण विद्युतप्रभाराच्या आकर्षणानं अणू जोडले जातात. मग ऑक्सिजनचे दोन सारखेच अणू एकमेकांना धरून कसे राहतील? सहसंयुज बंधाची कल्पना यायला तेव्हा शंभर वर्षं अवकाश होता. दुसरीकडं फ्रान्समध्ये द्युमा यांनी बाष्पांची घनता मोजली, तर पाऱ्याचं अणुवस्तुमान अपेक्षेच्या निम्मं आलं, फॉस्फरसचं दुप्पट आणि गंधकाचं तिप्पट. आज कारण ठाऊक आहे: पाऱ्याची वाफ एकेकट्या अणूंची असते, फॉस्फरसच्या बाष्पाचा रेणू चार अणूंचा असतो आणि त्या तापमानाला गंधकाचा सहा अणूंचा. द्युमा सगळीकडं दोन-दोन अणू धरून चालले होते. वैतागून ते अणू हा शब्दच विज्ञानातून पुसून टाकावा, या मतापर्यंत गेले.

हा घोळ निस्तरण्यासाठी ३ ते ५ सप्टेंबर १८६० या तीन दिवसांत जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथं सव्वाशेहून अधिक रसायनशास्त्रज्ञ जमले. रसायनशास्त्राची ही पहिली आंतरराष्ट्रीय परिषद. बोलावणाऱ्यांत केकुले होते, वुर्त्झ होते. चर्चा झाली, मतभेद राहिले. शास्त्रीय प्रश्न मतदानानं सुटत नाहीत, हेही तिथं बोललं गेलं.

त्या सभेत इटलीचे स्तानिस्लाओ कानित्झारो होते. मूळचे पालेर्मोचे, तरुणपणी सिसिलीच्या १८४८ च्या उठावात सामील झालेले, नंतर परागंदा होऊन अखेर जिनोआत शिकवायला आलेले. आपल्या विद्यार्थ्यांना रसायनशास्त्राची ओळख कशी करून देतो, याचा आराखडा त्यांनी १८५८ साली छापला होता. परिषद संपताना त्याच्या प्रती पावेसी या त्यांच्या सहकाऱ्यानं वाटल्या. पन्नास वर्षांची कोंडी फोडणारं ते लिखाण वर्गात शिकवण्यासाठी तयार केलेलं होतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कानित्झारोंची रीत समजायला नववीचं गणितही पुरतं. हायड्रोजनचा रेणू दोन अणूंचा, म्हणून त्याचं वजन २ धरायचं. समान आकारमानात रेणू समान, म्हणून जो वायू हायड्रोजनच्या जितके पट जड, त्याच्या दुप्पट त्याचं रेणुवस्तुमान. पाण्याची वाफ हायड्रोजनच्या ९ पट जड, म्हणून १८. कार्बन मोनॉक्साइड १४ पट, म्हणून २८. कार्बन डायऑक्साइड २२ पट, म्हणून ४४. ऑक्सिजन वायू १६ पट, म्हणून ३२. आता प्रत्येकातला ऑक्सिजनचा वाटा विश्लेषणानं काढायचा. पाण्याच्या १८ मध्ये ऑक्सिजन १६. कार्बन मोनॉक्साइडच्या २८ मध्ये १६. कार्बन डायऑक्साइडच्या ४४ मध्ये ३२. ऑक्सिजन वायूच्या ३२ मध्ये सगळेच ३२. कितीही वायू घ्या, ऑक्सिजनचा वाटा १६ च्या पटीत येतो. ८ किंवा २४ कुठंच येत नाही. म्हणजे रेणूंमध्ये वावरणारा ऑक्सिजनचा सगळ्यात लहान तुकडा १६ चा आहे. तोच त्याचा अणू. आणि मग पाण्यात उरलेले २ म्हणजे हायड्रोजनचे दोन अणू. अणूचं वजन आणि सूत्र दोन्ही एकदम हाती येतात, चक्र फुटतं.

हे टिपण घेऊन घरी परतलेल्या लोथार मायर यांनी पुढं लिहून ठेवलं, की ते वाचताना त्यांच्या सगळ्या शंका फिटल्या. कार्ल्सरूहला २६ वर्षांचे दिमित्री मेंडेलीव्हही होते. खात्रीची अणुवस्तुमानं हाताशी आल्यावर १८६९ मध्ये त्यांनी आवर्तसारणी मांडली आणि रिकाम्या जागांवर कोणती मूलद्रव्यं येतील याचं भाकीत केलं. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडलं, तेव्हा शोधकर्त्यानं त्याची घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्ह यांनी ते मूलद्रव्य कधी पाहिलंही नव्हतं; तरी त्यांनी कळवलं, की ती ५.९ च्या आसपास असायला हवी, नमुना पुन्हा शुद्ध करून मोजा. मोजली, आणि ५.९ आली.

इथवरची सगळी वजनं एकमेकांच्या तुलनेतली होती. ठरावीक वजनात प्रत्यक्षात अणू किती, हे कुणी मोजलं नव्हतं. १८६५ मध्ये ऑस्ट्रियाच्या लोश्मिट यांनी रेणूच्या आकाराचा पहिला चांगला अंदाज बांधला. १९०८ च्या सुमारास जाँ पेरँ यांनी पाण्यात तरंगणाऱ्या राळेच्या सूक्ष्म कणांची हालचाल सूक्ष्मदर्शकाखाली मोजून ती संख्या काढली आणि तिला अ‍ॅव्होगॅड्रो यांचं नाव दिलं. अणू ही केवळ सोयीची कल्पना आहे म्हणणाऱ्या ऑस्टवाल्ड यांनीही मग अणूंचं अस्तित्व मान्य केलं. 'मोल' हे नाव रूढ करणारे तेच.

बँकेत एकाच किमतीच्या नाण्यांची थैली उघडून न मोजता वजनावरून नाणी किती ते सांगतात, तसा मोल आहे. १८ ग्रॅम पाणी, ५८.५ ग्रॅम मीठ, ३४२ ग्रॅम साखर: प्रत्येक एक मोल. या प्रमाणात मोजून घेतलं, तर पाण्याच्या रेणूंइतकेच साखरेचे रेणू हातात असतात. पूर्वी १२ ग्रॅम कार्बन-१२ मधले अणू अशी मोलची व्याख्या होती. २० मे २०१९ पासून संख्याच निश्चित केली आहे: ६०२२१४०७६ आणि त्यापुढं १५ शून्यं.

याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्याला मी स्वयंपाकघरातला सिलिंडर दाखवते. त्यात १४.२ किलो गॅस असतो, प्रोपेन आणि ब्यूटेनचा. हिशेबासाठी सगळा ब्यूटेन धरू. ब्यूटेनच्या २ रेणूंना जळायला ऑक्सिजनचे १३ रेणू लागतात. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे ८ आणि पाण्याचे १० रेणू होतात. मोलमध्ये बोलायचं तर ५८ ग्रॅम ब्यूटेनला २०८ ग्रॅम ऑक्सिजन. म्हणजे एक सिलिंडर संपेपर्यंत सुमारे ५१ किलो ऑक्सिजन खर्च होतो, सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि २२ किलो पाण्याची वाफ तयार होते. दोन्ही बाजूंची बेरीज ६५ किलोच्या आसपास येते, लाव्हाझिए यांनी सांगितलं तशी. हा ऑक्सिजन खोलीतल्या हवेतून येतो. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू ठेवला, की गॅसच्या आधी ऑक्सिजन कमी पडतो. मग कार्बनला दोनाऐवजी एकच ऑक्सिजन अणू मिळून कार्बन मोनॉक्साइड बनतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. अशा मृत्यूंच्या बातम्या आपण वाचतो. 'कोणता अभिकारक आधी संपतो' हे परीक्षेतलं रटाळ वाटणारं गणित नेमकं याच प्रसंगाबद्दल असतं. म्हणून बाथरूमला झरोका हवा आणि गिझर आंघोळीच्या खोलीबाहेर हवा.

अकरावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांना एक विनंती आहे. मोलची व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी एक तास कानित्झारोंना द्या. १८ मध्ये १६, २८ मध्ये १६, ४४ मध्ये ३२, ३२ मध्ये ३२ एवढे आकडे लिहा आणि ऑक्सिजनच्या अणूचं वजन किती असेल, ते मुलांना काढू द्या. वर्गातल्या बहुतेकांना ते स्वतःहून काढता येईल.