पायपेटी, सिंथेसायझर आणि मींड

मालवणकडच्या एखाद्या जत्रेत रात्री दशावतार पाहताना पायपेटीकडे नीट लक्ष द्या. नट पद म्हणताना 'सा'वरून 'ग'वर मध्ये कोठेही न तुटता जातो. याला मींड म्हणतात. पेटी मात्र पायऱ्या चढल्यासारखी जाते. असे का होते?

पेटीत प्रत्येक स्वरासाठी धातूची वेगळी पट्टी असते. तिची लांबी-जाडी ठरलेली, म्हणून कंपनसंख्याही ठरलेली. 'सा' २४० हर्ट्झ धरला, तर शुद्ध 'ग' सुमारे ३०० हर्ट्झचा. गळा या दोहोंमधल्या सर्व कंपनसंख्यांतून जातो; पेटीला उडीच मारावी लागते. पेटी युरोपातून आलेली, त्यात मींड नाही, अशी टीका होत असे. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर घातलेली बंदी सुमारे तीस वर्षे टिकली. आज मात्र पेटीवाचून दशावताराची कल्पनाही करवत नाही.

सिंथेसायझरमध्ये पट्टी नसते, तार नसते. विजेची आंदोलने ध्वनिवर्धकातून ऐकू येतात. अनेक यंत्रांत अशी योजना असते, की नियंत्रक व्होल्टेज एका व्होल्टने वाढले की कंपनसंख्या दुप्पट होते. व्होल्टेज एकदम बदलले तर स्वर उडी मारतो. पण वाटेत रोध आणि कपॅसिटर जोडला, की कपॅसिटर भारित व्हायला वेळ लागतो. व्होल्टेज हळूहळू चढते आणि स्वर सरकत जातो. पेटीला न जमणारी मींड येथे विजेच्या परिपथाला जमते!

मुंबईचे चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड या जपानी कंपनीच्या यंत्रांवर दहा राग वाजवले. त्यात भैरव होता, यमन होता, मालकंसही होता. साथीला डिस्कोचा ठेका. त्या ध्वनिमुद्रिकेकडे तेव्हा फारसे कोणी पाहिले नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा श्रोते चकित झाले. शिकागोत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'अ‍ॅसिड हाउस' नावाचे नृत्यसंगीत घडले. त्याच्याशी हिचे विलक्षण साम्य होते, आणि त्यातील टीबी-३०३ हे यंत्रही तेच होते. मुंबईत त्याच यंत्राकडून रागाची मागणी झाली होती, एवढाच फरक.

तेव्हा वाद्य आपले की परके, हे ते कोठे बनले यावरून ठरत नाही. आपण त्याच्याकडून काय वाजवून घेतो यावरून ठरते.

वर्गात करून पाहा. एका विद्यार्थ्याने 'सा'पासून 'प'पर्यंत सरकत गावे, दुसऱ्याने तेच पेटीवर वाजवावे. नंतर एकतारीच्या तारेवर बोट सरकवून पाहावे. फरक कोठे आणि का पडतो, हे मुलांनाच सांगू द्या.