गाडीचीही कातडी असते

दसरा आठवड्यावर आला की तेरमध्ये घरोघरी गाड्या धुण्याची लगबग सुरू होते. खंडेनवमीला ट्रॅक्टरपासून चारचाकीपर्यंत साऱ्यांची पूजा व्हायची असते. याच दिवसांत आमच्या ओपीडीत काही ठरावीक तक्रारी दिसू लागतात. कुणाच्या हातांची कातडी सोललेली असते, कारण रंगाचे डाग थिनरने धुतलेले असतात. कुणाचे डोके दिवसभर ठणकत असते, कारण पत्र्याच्या बंद शेडमध्ये काम केलेले असते. आणि एखाद्या वेळी आई धावत येते, तिच्या कडेवर खोकणारे मूल असते. पाण्याच्या बाटलीतले रॉकेल त्याने पाणी समजून प्यायलेले असते.

गाडी चमकवण्याच्या नादात चुका मीही केल्या आहेत. काही वर्षांपूर्वी जुनी मोटार घेतली. तिचा रंग फिका वाटला म्हणून रबिंग कंपाउंडचा डबा आणला आणि रविवारभर बॉनेट घासले. दिवाळीपर्यंत गाडी आरशासारखी दिसत होती. पुढच्या उन्हाळ्यात मात्र बॉनेटवर पांढुरके चट्टे पडले आणि पापुद्रे सुटू लागले. रंगकाम करणारा मिस्त्री हसून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, वरची साल तुम्हीच काढली की!"

त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते. आजच्या गाड्यांच्या पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाहूनही पातळ असतो. उन्हातील अतिनील किरण अडवणारी द्रव्ये याच थरात असतात. आपल्या त्वचेत जे काम मेलॅनिन करते, तेच काम ही द्रव्ये करतात. फरक एवढाच, की आपली त्वचा झिजली तर खालून नवी येते. गाडीची येत नाही.

पॉलिश म्हणजे वरून काही चोपडणे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात पॉलिश म्हणजे घासणे. ओरखड्याच्या कडांवर प्रकाश वेडावाकडा विखुरतो, म्हणून रंग निस्तेज दिसतो. पॉलिशमधले बारीक कण ओरखड्याच्या आजूबाजूचा थर कमी करून पृष्ठभाग सपाट करतात, मग प्रकाश सरळ परततो. हे तत्त्व तेरला नवे नाही. प्राचीन तगर नगरीचे जे मणी उत्खननात सापडले, तेही घासूनच चमकवलेले आहेत. लामतुरे संग्रहालयात ते जरूर पाहावेत. पण ती चमक फुकट येत नसते. गुजरातेत खंभातला अकीक घासणाऱ्या कारागिरांना दगडाच्या धुळीने फुफ्फुसांचा सिलिकोसिस होतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे.

म्हणून पहिला नियम असा, की जेवढे कमी घासाल तेवढे बरे. निम्मे ओरखडे तर आपणच रोज सकाळी कोरड्या फडक्याने पाडतो. आपल्याकडच्या धुळीत खडीचे आणि वाळूचे कण असतात. त्यांच्यापुढे रंग मऊच. कोरडे फडके फिरवणे म्हणजे बारीक पॉलिशपेपर फिरवणे होय.

गाडी सावलीत आणि पत्रा गार असताना धुवावी. आधी नुसत्या पाण्याने माती वाहून जाऊ द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीचा शाम्पू आणि दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी. टपापासून सुरुवात करून खाली यावे, चाके शेवटी. कपड्यांची पावडर आणि धुण्याचा सोडा वापरू नये. आपले बोअरचे पाणी जड असते. ते अंगावर वाळले की क्षारांचे पांढरे ठिपके राहतात, म्हणून मऊ मायक्रोफायबर कापडाने लगेच टिपून घ्यावे. पक्ष्याची विष्ठा खरवडू नये. ओले फडके पाच मिनिटे ठेवावे, ती आपोआप सुटते. मात्र उशीर करू नये, तिच्यातील आम्ल रंगात उतरते.

एवढे करूनही गाडी फिकी वाटली, तर ओरखड्यावरून आडवे नख फिरवून पाहा. नख अडकले तर ओरखडा खोल आहे, तो घरच्या पॉलिशने जाणार नाही. अडकले नाही, तर सर्वांत बारीक पॉलिश घ्या आणि आधी दाराच्या खालच्या कोपऱ्यात लावून बघा. मग हातभर जागा घेऊन, हलक्या हाताने, तेवढीच पुरी करा. कडा आणि उंचवट्यांवर थर लवकर झिजतो, तिथे जोर नको. मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश लावूच नये. टूथपेस्टही घासणारीच असते. रॉकेल किंवा डिझेलच्या बोळ्याने येणारी चमक तेलाची असते. त्या तेलावर धूळ चिकटते आणि आधीचे वॅक्सही निघून जाते.

खरे संरक्षण वॅक्स देते. पॉलिशनंतर त्याचा अगदी पातळ हात द्यावा, धुरकट दिसू लागले की कोरड्या मायक्रोफायबरने पुसावे. जाड थराने जास्त फायदा होत नाही. काळ्या प्लॅस्टिकला वॅक्स लागू देऊ नये, तिथे पांढरे डाग राहतात. दर दोन-तीन महिन्यांनी वॅक्स आणि फार तर वर्षातून एकदा पॉलिश, एवढे घरच्या गाडीला पुरे.

आता थोडे डॉक्टर म्हणून. काम मोकळ्या हवेत करा. थिनरच्या वाफेने डोके जड होते, गरगरते, मळमळते. असे झाले की काम थांबवून बाहेर या. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ थोडीफार अडवतो, वाफ अडवत नाही. जवळपास विडी-काडी नको. हातमोजे घाला. हाताला डाग लागलाच तर थिनर-पेट्रोल न वापरता खोबरेल तेल चोळा आणि साबणाने धुवा. हार्डनर मिसळायचा रंग घरी फवारू नका. त्यातील आयसोसायनेट द्रव्यांमुळे दमा जडू शकतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रॉकेल, थिनर, पेट्रोल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नका. मुलाने प्यायलेच, तर मीठ-पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नका. हे द्रव पोटापेक्षा फुफ्फुसात जास्त घात करतात, आणि उलटी होताना ते श्वासनलिकेत शिरतात. दूधही पाजत बसू नका. भिजलेले कपडे काढा, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा, आणि ती बाटली सोबत आणा. मूल बरे दिसले तरी आणा. खोकला आणि धाप काही तासांनीही सुरू होऊ शकते.

पूजेचे हळदीकुंकू दुसऱ्या दिवशी पाणी ओतून काढा, चोळून नको. बॉनेटवर दोन-चार बारीक ओरखडे राहिले तर राहू द्या. माझ्या गाडीवर आजही आहेत. पण पूजेच्या आदल्या रात्री शेडमधल्या बाटल्या तेवढ्या एकदा तपासा. नेमके काय कुठल्या बाटलीत आहे, ते पाहा आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, कुलपात ठेवा.