पेढे की बर्फी?

प्रसूतिगृहातून घरी फोन जातो तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न येतो, "पेढे की बर्फी?" बाळाचं वजन किती, आई कशी आहे, ही चौकशी त्यानंतरची. मुलगा असेल तर पेढे, मुलगी असेल तर बर्फी, काही भागांत जिलेबी. विचारणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं, दोन्ही मिठाया गोडच असतात. पण बारसं व्हायचं असतं, नाव ठरायचं असतं, आणि त्याआधीच बाळाला एका खणात ठेवून झालेलं असतं.

आपल्या भाषेनं खरं तर बाळाला थोडी मोकळीक दिली आहे. ते बाळ, ते मूल, ते लेकरू. तिन्ही शब्द नपुंसकलिंगी. मूल बोलू लागलं की ही मोकळीक संपते. अडीच वर्षांचा मुलगा ताईचं ऐकून "मी येते" म्हणतो आणि सगळं घर हसतं. दोनदा हसलं की तिसऱ्यांदा तो "मी येतो" म्हणतो. इंग्रजी बोलणारं मूल "मी जातो" आणि "मी जाते" असा फरक न करता मोठं होतं. मराठी मुलाला मात्र स्वतःबद्दल बोलताना आपण कोण हे घटकोघटकी सांगावं लागतं. हिब्रू, इंग्रजी आणि फिनिश बोलणाऱ्या लहानग्यांची तुलना करणारा एक अभ्यास 1982 मध्ये प्रसिद्ध झाला. हिब्रूत लिंगभेद पावलोपावली आहे, फिनिशमध्ये 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द आहे. आपण मुलगा की मुलगी हे हिब्रू मुलांना सर्वांत आधी कळत होतं, फिनिश मुलांना सर्वांत उशिरा.

व्याकरण बदला असं मी म्हणत नाही. कोल्हापूरकडच्या बायका सहज "मी आलो" म्हणतात आणि त्यानं कुणाचं काही बिघडलेलं नाही. मला खुपतं ते वेगळंच. आई लाडात येऊन मुलीला "काय रे बाळा" म्हणते, "माझा राजा तो" म्हणते. मुलाला लाडानं "अगं राणी" म्हणणारं घर माझ्या पाहण्यात नाही. मुलीला मुलगा म्हटलं तर तो मान, आणि मुलाला मुलगी म्हटलं तर अपमान. "मुलीसारखा रडतोस काय?" या एका वाक्यात दोन धडे असतात. रडणाऱ्या मुलाला कळतं की दुःख झाकायचं असतं. शेजारी बसलेल्या बहिणीला कळतं की तिच्यासारखं असणं ही लाज वाटण्याची गोष्ट आहे. ती त्या वेळी चार वर्षांची असते, आणि तिला कुणी काही बोललेलंही नसतं.

मोठ्यांच्या नजरेतच भेद असतो, हे प्रयोगांनी वारंवार दाखवलं आहे. 1976 च्या एका अमेरिकी प्रयोगात नऊ महिन्यांच्या एका बाळाची चित्रफीत लोकांना दाखवली गेली. डब्यातून उसळून बाहेर येणारं बाहुलं पाहून ते रडू लागतं. बाळ मुलगा आहे असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांना त्या रडण्यात राग दिसला. मुलगी आहे असं सांगितलेल्यांना भीती दिसली. बाळ तेच होतं, रडणंही तेच. घाबरलेल्याला आपण जवळ घेतो, रागावलेल्याला थोडं मोकळं सोडतो, आणि असं वर्षभर चाललं की त्याचा स्वभाव होऊ लागतो.

2000 साली प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग मला अधिक अस्वस्थ करतो. अकरा महिन्यांच्या रांगत्या बाळांच्या आयांना एक उतरती फळी दाखवली. तुमचं बाळ किती उतार रांगत उतरू शकेल, तेवढी ती तिरपी करा, असं सांगितलं. मुलांच्या आयांनी बाळाला झेपेल त्याहून जास्त उतार धरला, मुलींच्या आयांनी कमी. मग बाळांना प्रत्यक्ष फळीवर सोडलं. मुलगे आणि मुली यांच्यात फरक आढळला नाही. या काही निष्काळजी आया नव्हत्या. आपल्या बाळाला चोवीस तास पाहणाऱ्या आया होत्या. आपल्या अंगणातही "अगं जपून, पडशील" आणि "पडू दे, लागलं तर शिकेल" या दोन वाक्यांपैकी कोणाच्या वाट्याला कोणतं येतं, हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

इथवर सगळं नकळत घडतं. बालवाडीत मात्र आपण ते शिस्त म्हणून करतो. मुलांची रांग इकडे, मुलींची तिकडे. अनेक शाळांच्या हजेरीपटावर आधी सगळे मुलगे, मग सगळ्या मुली. पाहुणे आले की ओवाळायला मुली, बाकं उचलायला मुलं. यात कुणाला कुठे कमी लेखलंय, असं वाटू शकेल. अमेरिकेतल्या दोन संशोधक महिलांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच तपासलं. तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या काही वर्गांत शिक्षकांनी दोन आठवडे मुलगे-मुली असा उल्लेख सतत केला. रांगा वेगळ्या, फलक वेगळे. मुलगे हुशार, मुली नीटनेटक्या असं काहीही बोलायचं नाही, चढाओढ लावायची नाही, अशी अट होती. बाकी वर्गांत नेहमीसारखं चालू राहिलं. दोनच आठवड्यांत वेगळ्या रांगांच्या वर्गातली मुलं 'हे बायकांचं, हे पुरुषांचं' असं अधिक ठामपणे सांगू लागली, आणि मुलगे-मुली एकमेकांशी कमी खेळू लागले. वाईट शब्द एकही उच्चारला गेला नव्हता. नुसतं वेगळं उभं करणं पुरलं. मोठी माणसं एवढ्या आवर्जून वेगळं करतात त्या अर्थी फरक मोठाच असणार, हा तर्क मुलं स्वतःच करतात.

त्या तर्काची पुढची पायरी सहाव्या वर्षी दिसते. 2017 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात मुलांना एका अतिशय हुशार व्यक्तीची गोष्ट सांगितली, आणि ती व्यक्ती चित्रांतल्या पुरुष-बायकांपैकी कोण असेल ते विचारलं. पाच वर्षांच्या मुली मुलग्यांइतक्याच प्रमाणात आपल्या बाजूचं नाव घेत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये ते प्रमाण घसरलं. 'खूप हुशार मुलांसाठीचा' म्हणून सांगितलेल्या खेळातही त्यांना रस कमी वाटला. शाळेत चांगले गुण मुलींनाच मिळतात, हे त्याच मुली सांगत होत्या. आपली मेहनत त्यांना दिसत होती, बुद्धीची मालकी मात्र त्यांनी सोडून दिली होती.

बालभारतीनं 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई-वडील दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले, डॉक्टर म्हणून बाई दाखवली. हे पाऊल मोलाचं आहे. पण पुस्तक मिटून मूल स्वयंपाकघराकडे पाहतं. त्याच 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरील माणसं मोजली होती. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या, पुरुष 97. त्यातही दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीसच होते. चित्रातला बाप भाजी निवडतो आणि घरातला पाण्याचा पेला मागतो, तेव्हा मूल घरातल्या बापावर विश्वास ठेवतं.

उद्या सोमवार. बालवाडीताईंना आणि गुरुजींना माझी विनंती आहे. एवढा एक आठवडा रांग उंचीप्रमाणे लावा, नाहीतर नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे. बाकं दोघांना उचलू द्या, ओवाळणीचं ताट दोघांच्या हाती द्या. आणि ज्यांच्या घरी या महिन्यात बाळ येणार आहे, त्यांनी फोन आला की आधी बाळ-बाळंतीण कशी आहेत ते विचारावं.