बेसबॉलचा ऑक्टोबर

आपल्याकडे घटस्थापना होऊन दसऱ्याची तयारी चालू असते, त्याच सुमारास अमेरिकेंतील कित्येक घरांतली झोंप उडालेली असते. त्याचें कारण राजकारण नव्हे व व्यापारहि नव्हे. बेसबॉलच्या अखेरच्या फेऱ्यांचे सामने, हें तें कारण होय. आमच्या वाचकांपैकीं अनेकांचे मुलगे, मुली व नातवंडें त्या देशांत स्थायिक झालेलीं आहेत, आणि तिकडे वाढलेल्या नातवंडांच्या तोंडीं या खेळाचें नांव वारंवार येतें. पूर्व किनाऱ्यावर रात्रीं आठला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहांटे साडेपांचला दिसतो. तेव्हां काकडआरतीच्या वेळीं दूरचित्रवाणीपुढें बसून नातवाबरोबर दूरध्वनीवर हळहळणारे एखाद-दुसरे आजोबाहि आमच्या पाहण्यांत आहेत. ही हळहळ नेमकी कशाची, हें त्यांना पुरतें उमगलेलें असतेंच असें नाहीं. तें थोडेंफार उमगावें, एवढ्यासाठींच हा लेख.

खेळाचे नियम येथें विस्तारानें देत नाहीं. नऊ-नऊ गडी, नऊ-नऊ डाव, आणि प्रत्येक डावांत तिघे बाद झाले कीं पाळी संपली. बॅट घेऊन उभ्या राहिलेल्या गड्यानें चेंडू टोलवून चार तळांना वळसा घातला कीं एक धाव झाली. बरोबरी मान्य नाहीं. नऊ डावांत निकाल न लागल्यास तो लागेपर्यंत खेळत राहावयाचें. क्रिकेट जाणणाऱ्यास एवढें पुरे.

या खेळाचा हंगाम मार्चअखेर सुरू होऊन सप्टेंबरअखेर संपतो. तीस संघ, आणि प्रत्येकानें १६२ सामने खेळावयाचे, म्हणजे जवळजवळ रोज एक! उत्तम संघ त्यांपैकीं शंभराच्या आसपास जिंकतो. आणि तळाचा संघ, ज्याची वर्तमानपत्रें रोज टर उडवितात, तोहि बहुधा साठ सामने जिंकतोच. यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, एका दिवसाच्या निकालावर येथें कांहींच ठरत नाहीं. आज वरचा संघ हरतो, उद्यां खालचा जिंकतो. पण सहा महिन्यांच्या चाळणींतून गहूं कोणता व खडा कोणता हें अखेर स्पष्ट होतें. टिकाऊ गुणाची परीक्षा घेण्याची याहून चांगली रीत आम्हांस तरी दुसऱ्या खेळांत आढळलेली नाहीं.

आणि मग ऑक्टोबर उजाडतो, व ही सारी चाळणी अडगळींत टाकली जाते. तीसांपैकीं निवडक संघ पुढें जातात (२०२२ पासून त्यांची संख्या बारा आहे), आणि सर्वांची पाटी कोरी होते. पहिली फेरी तीन सामन्यांची, दुसरी पांचांची, तिसरी सातांची, आणि शेवटीं दोन संघांच्या झुंजीची, तीहि सातांची, जिला ते वर्ल्ड सीरीज म्हणतात. सर्वांत वरच्या संघांना पहिली फेरी माफ असते, एवढीच काय ती त्यांच्या सहा महिन्यांच्या पुण्याईची किंमत. आतां थोडें गणित करूं. एखादा संघ प्रतिस्पर्ध्यापेक्षां इतका सरस आहे कीं, शंभर सामन्यांपैकीं पंचावन्न तो जिंकेल, असें समजा. असा संघ सात सामन्यांच्या झुंजी शंभर वेळां खेळला, तर त्यांतील सुमारें एकसष्टच त्याच्या पदरांत पडतील. उरलेल्या एकोणचाळीस कमी गुणाच्या संघाकडे जातील. असा कौल एकदां नव्हे, ओळीनें तीन-चार वेळां लागावयाचा असतो! तेव्हां सर्वश्रेष्ठ संघच शेवटीं मुकुट धारण करील, अशी आशा धरणें म्हणजे नाणेंफेकीकडे न्याय मागण्यासारखेंच नव्हे काय?

इतिहास हेंच सांगतो. वर्ल्ड सीरीज सुरू झाली १९०३ सालीं. १९०६ सालीं शिकागोच्या कब्ज संघानें हंगामांत ११६ सामने जिंकले, आणि वर्ल्ड सीरीजमध्यें त्याला हरविलें तें त्याच शहरांतील व्हाइट सॉक्स या संघानें, ज्याची फटकेबाजी आपल्या लीगमध्यें सर्वांत दुबळी गणली जात होती. २००१ सालीं सिएटलच्या संघानेंहि ११६ विजय मिळवून त्या आंकड्याची बरोबरी केली. पण तो वर्ल्ड सीरीजपर्यंतसुद्धां पोंचला नाहीं. उलट २००६ सालीं सेंट लुइसचा संघ ८३ जिंकून व ७८ हरून जेमतेम आंत शिरला आणि जगज्जेता म्हणून बाहेर पडला. व्यक्तींचेंहि तेंच. यांकीज संघाचा डॉन लार्सन हा चेंडू फेकणारा १९५४ सालीं तीन सामने जिंकून एकवीस हरलेला. १९५६ च्या वर्ल्ड सीरीजमध्यें ५ ऑक्टोबरला त्याला दुसऱ्याच डावांत मैदानाबाहेर काढावें लागलें. आणि तीनच दिवसांनीं, ८ ऑक्टोबरला, त्याच प्रतिस्पर्ध्यांचे सत्तावीसच्या सत्तावीस गडी त्यानें ओळीनें बाद केले. एकालाहि पहिला तळ गांठतां आला नाहीं. वर्ल्ड सीरीजच्या इतिहासांत असा दुसरा सामना झालेला नाहीं. पुढेंहि लार्सनची कारकीर्द बेताचीच राहिली.

परंतु दैव म्हणून सोडून देणें मनुष्यस्वभावास मानवत नाहीं. कारण हवें असतें. म्हणून सुशिक्षित, विज्ञाननिष्ठ म्हणविणारे हे अमेरिकन लोक ऑक्टोबरांत असे कांहीं व्रतस्थ होतात कीं, आपल्याकडील चातुर्मासहि फिका पडावा. संघ जिंकत असतांना जो सदरा अंगावर होता तो धुवावयाचा नाहीं. आमचें सोंवळें धुतल्यानें होतें, त्यांचें न धुतल्यानें! ज्या खुर्चीवर बसलें असतां धाव झाली ती खुर्ची सोडावयाची नाहीं. संघ मागें पडला कीं टोपी उलटी करून घालावयाची. आणि आपला खेळाडू लार्सनप्रमाणें सर्वांना बाद करीत चालला असेल, तर त्या गोष्टीचा उच्चारहि करावयाचा नाहीं, नाहीं तर दृष्ट लागते.

याच्याहि पुढची पायरी शापाची. १९४५ च्या वर्ल्ड सीरीजमध्यें शिकागोंतील एक खाणावळवाला आपला पाळींव बोकड घेऊन मैदानावर गेला. बोकडासह त्याला बाहेर घालविण्यांत आलें. त्यानें म्हणे शाप दिला. आणि कब्ज संघ त्या वर्षीं हरला तो पुढें एकाहत्तर वर्षें वर्ल्ड सीरीजमध्यें पाऊलहि टाकूं शकला नाहीं. बॉस्टनचा शाप याहून प्रतिष्ठित. तेथील रेड सॉक्स संघानें १९१८ सालीं वर्ल्ड सीरीज जिंकली आणि १९२० च्या आरंभीं आपला अद्वितीय खेळाडू बेब रूथ न्यूयॉर्कच्या यांकीज संघाला विकून टाकला. तोंवर यांकीज एकदांहि जिंकलेले नव्हते. २००० पर्यंत ते सव्वीस वेळां जिंकले. बॉस्टनच्या नशिबीं १९४६, १९६७, १९७५ व १९८६ अशा चार वर्ल्ड सीरीज आल्या, आणि चारहि त्यानें सातव्या सामन्यांत गमावल्या. गंमत अशी कीं, या शापाची ख्याति बरीच उशिरांची; १९८६ च्या पराभवानंतर ती वाढली, आणि १९९० सालीं त्या नांवाचें पुस्तक निघाल्यावर घरोघर पोंचली. आधीं दुर्दैव आणि मागाहून शाप, असा हा क्रम आहे.

बोकडावर किंवा बेब रूथवर खापर फुटलें तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. तें हाडामांसाच्या माणसावर फुटतें तेव्हां मात्र हा खेळ खेळ राहत नाहीं, आणि आम्हांस या विषयाकडे ओढणारी गोष्ट खरी म्हणजे हीच.

१९८६ चा तो सहावा सामना. दहावा डाव, बॉस्टन दोन धावांनीं पुढें, न्यूयॉर्कच्या मेट्स संघाचे दोन गडी बाद, तळांवर कोणी नाहीं. आणखी एक गडी, कीं अडुसष्ट वर्षांची प्रतीक्षा संपली. धांवफलकावर बॉस्टनच्या अभिनंदनाचीं अक्षरें क्षणभर झळकूनहि गेलीं. तेथून मेट्सनीं ओळीनें तीन फटके मारले, मग बॉस्टनच्या पिचरचा एक चेंडू स्वैर गेला व बरोबरी झाली, आणि नंतर एक साधा सरपटता चेंडू बिल बक्नर याच्या दोन पायांमधून निघून गेला. बॉस्टन हरलें. येथें लक्षांत ठेवण्यासारखें हें कीं, बक्नरच्या हातून चूक होण्यापूर्वींच बरोबरी झालेली होती, आणि सातवा सामना अद्याप व्हावयाचा होता. परंतु लोकांनीं तीन फटके विसरून टाकले, स्वैर चेंडू विसरून टाकला, आणि २७०० हून अधिक यशस्वी फटके ज्याच्या नांवावर आहेत असा हा मनुष्य पुढें वर्षानुवर्षें त्या एका चेंडूसाठींच ओळखला गेला. २००८ सालीं बॉस्टननें त्याला पहिला चेंडू टाकण्यासाठीं सन्मानानें बोलाविलें. सारें मैदान उभें राहिलें, आणि तो डोळे पुसतांना दिसला. पण ही क्षमा कोणत्या वेळीं झाली? मध्यंतरीं बॉस्टननें दोन वेळां वर्ल्ड सीरीज जिंकल्यानंतर! भरल्या पोटीं औदार्य सुचतें.

दोन प्रेक्षकांची हकीकत तर शेजारी-शेजारीं ठेवून पाहण्यासारखी आहे. १९९६ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कमध्यें यांकीज एका धावेनें मागें होते. उंच टोलविलेला चेंडू कुंपणाजवळ येतांच बारा वर्षांच्या एका मुलानें हात पुढें करून तो आंत ओढला. पंचांनीं षट्कारासारखी पूर्ण धाव दिली, यांकीजनीं तो सामना जिंकला, व पुढें वर्ल्ड सीरीजहि जिंकली. मुलानें हस्तक्षेप केला होता, असें त्या पंचानेंच मागाहून कबूल केलें. पण न्यूयॉर्कनें त्या मुलाला डोक्यावर घेतलें. सात वर्षांनीं, १४ ऑक्टोबर २००३ रोजीं, शिकागोंत कब्ज तीन धावांनीं पुढें होते व वर्ल्ड सीरीज केवळ पांच गडी दूर होती. कुंपणाकडे आलेल्या एका चेंडूसाठीं पुष्कळ प्रेक्षकांनीं हात पुढें केले. त्यांतील एका तरुणाच्या हाताला तो लागला आणि झेल घ्यावयास धांवलेल्या कब्जच्या खेळाडूला मिळाला नाहीं. त्यानंतर कब्जच्या दुसऱ्या एका खेळाडूनें हातीं आलेला सोपा चेंडू निसटूं दिला, फ्लॉरिडाच्या संघानें त्याच डावांत आठ धावा केल्या, आणि दुसऱ्या दिवशींचा निर्णायक सामनाहि कब्ज हरले. पण शिकागोला अपराधी सांपडला तो एकच. तो तरुण स्वतः कब्जचा निस्सीम चाहता. रक्षकांच्या गराड्यांत त्याला मैदानाबाहेर न्यावें लागलें, घरावर पोलिसांचा पहारा बसला, आणि तो लोकांच्या नजरेआड झाला तो कायमचाच. पैशांचे देकार आले तेहि त्यानें नाकारले. तो चेंडू एक लाखाहून अधिक डॉलरला लिलावांत विकत घेऊन २००४ सालीं समारंभपूर्वक स्फोटानें उडविण्यांत आला, आणि त्याचे अवशेष उकळून त्या वाफेचा अंश एका उपाहारगृहांतील सॉसमध्यें घालण्यांत आला! याला शांतिकर्म म्हणावें कीं तीर्थप्रसाद, हें आम्हांस सांगतां येत नाहीं. कृत्य एकच, हात पुढें करण्याचें. एकाला पालखी आणि दुसऱ्याला अज्ञातवास.

निसर्गहि या महिन्यांत आपला वांटा उचलतो. २००७ सालीं क्लीव्हलँड येथें तळ्यावरून चिलटांचे थवे मैदानावर उतरले आणि यांकीजच्या तरुण पिचरच्या मानेवर, तोंडावर असे बसले कीं, त्याचे चेंडू स्वैर जाऊन हातची आघाडी गेली. कीटकनाशकाची फवारणी निष्फळ ठरली. १९८९ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें तिसरा सामना सुरू होण्याच्या कांहीं मिनिटें आधीं मोठा भूकंप होऊन ६३ माणसें दगावलीं, आणि खेळ दहा दिवस थांबला. २०१८ व २०२५ या दोन्हीं वर्षीं वर्ल्ड सीरीजचा तिसरा सामना अठरा डाव चालला. पहिल्याला सात तास वीस मिनिटें लागलीं.

शाप सुटले तेहि अशाच विलक्षण रीतीनें. २००४ सालीं बॉस्टन यांकीजविरुद्ध पहिले तीन सामने हरलें होतें. चवथ्यांतहि शेवटच्या डावांत मागें असतांना डेव्ह रॉबर्ट्स या बदली धांवणाऱ्यानें पापणी लवते न लवते तोंच दुसरा तळ चोरला, बरोबरी झाली, आणि तेथून बॉस्टननें चारहि सामने जिंकले. या खेळांत तसें पूर्वीं कधींच घडलें नव्हतें. नंतरची वर्ल्ड सीरीज त्यांनीं एकहि सामना न गमावतां घेतली. त्या रात्रीं आकाशांत खग्रास चंद्रग्रहण होतें.

शिकागोचें ग्रहण सुटावयास २०१६ उजाडावें लागलें. क्लीव्हलँडविरुद्ध सातवा सामना, हातची तीन धावांची आघाडी आठव्या डावांत गेलेली, नऊ डाव संपून बरोबरी, आणि इतक्यांत पाऊस. सतरा मिनिटें खेळ बंद. मग दहाव्या डावांत दोन धावा, आणि एकशें आठ वर्षांनीं कब्ज जगज्जेते झाले. त्या दिवसांत शिकागोच्या मैदानाच्या विटांच्या भिंतीपाशीं हजारों लोक खडू घेऊन आले व त्यांनीं तेथें नांवें लिहिलीं. तीं खेळाडूंचींच होतीं असें नव्हे. कित्येकांनीं तेथें लिहिलीं होतीं तीं आपल्या वडिलांचीं, आजोबांचीं, आजीचीं; जन्मभर ऑक्टोबरची वाट पाहून जे हा दिवस न बघतां गेले त्यांचीं. उंच जागा भरल्यावर लोकांनीं मुलांना खांद्यावर घेऊन लिहविलें. कुळाचार म्हणतात तो याहून निराळा काय असतो?

त्या रात्रीं हरलेल्या क्लीव्हलँडचा शेवटचा विजय १९४८ सालचा. आणि ११६ सामने जिंकणारें सिएटल २०२५ सालीं वर्ल्ड सीरीजच्या दारांत उभें होतें. टोरांटोविरुद्धच्या सातव्या सामन्यांत सातव्या डावापर्यंत तें दोन धावांनीं पुढें होतें. मग जॉर्ज स्प्रिंगरच्या एका टोल्यानें तीन धावा झाल्या. वर्ल्ड सीरीज खेळावयास एकदांहि न मिळालेला असा तो एकच संघ तोंवर उरला होता.