आतपरोधक लेपावरील अंक व त्याचा अर्थ

‘सनस्क्रीन’ या नावाने बाजारात मिळणारा आतपरोधक लेप निवडताना ग्राहकाचे लक्ष वेष्टणावरील एस.पी.एफ. या अंकाकडे जाते. अंक जितका मोठा तितके संरक्षण अधिक, ही समजूत सर्वस्वी चुकीची नाही. परंतु हा अंक कोणत्या परिस्थितीत मोजला जातो आणि कशाचे मोजमाप तो करीत नाही, हे ध्यानी घेतल्यावाचून केलेली निवड बहुधा फसते.

भूपृष्ठावर पोहोचणाऱ्या जंबुपार किरणांचे दोन विभाग येथे विचारात घ्यावयाचे आहेत. सुमारे 290 ते 320 नॅनोमीटर तरंगलांबीचे ‘बी’ किरण त्वचेस भाजतात. 320 ते 400 नॅनोमीटरचे ‘ए’ किरण अधिक खोलवर जातात. त्यांची जाणीव होत नाही, पण त्वचा सुरकुतण्यात त्यांचा वाटा मोठा असतो. खिडकीची साधी काच पहिल्यांना अडवते, दुसऱ्यांपैकी पुष्कळांना आत येऊ देते.

लेपाविना त्वचेवर लाली उमटण्यास जेवढी किरणमात्रा लागते, तिच्या कितीपट मात्रा लेप लावल्यावर लागते, ते गुणोत्तर म्हणजे एस.पी.एफ. जर्मन संशोधक रुडोल्फ शुल्झे यांनी 1956 मध्ये अशा गुणोत्तराची मांडणी केली. आजचे नाव ऑस्ट्रियन रसायनज्ञ फ्रान्झ ग्रायटर यांच्यामुळे 1974 पासून रूढ झाले. लाली आणण्यात ‘बी’ किरण प्रमुख असल्याने हा अंकही मुख्यत्वे त्यांच्याविषयीच बोलतो. 30 अंकाचा लेप अशा किरणांपैकी सुमारे 97 टक्के अडवतो, 50 अंकाचा 98 टक्के. फरक क्षुल्लक वाटेल. परंतु आत शिरणारा अंश 3.3 वरून 2 टक्क्यांवर येतो, हेही विसरता कामा नये.

खरी मेख निराळीच आहे. प्रयोगशाळेत हा अंक दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लेप लावून ठरवितात. चेहरा व मान मिळून क्षेत्रफळ सुमारे 600 चौरस सेंटिमीटर धरले, तर एका वेळेस 1.2 ग्रॅम लेप हवा. म्हणजे 50 ग्रॅमची नळी दिवसातून एकदाच वापरली तरी सहा आठवड्यांत संपावयास हवी. ज्या घरी ती दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत पुरते, तेथे वेष्टणावरील अंकाला फारसा अर्थ उरलेला नसतो! थर निम्मा झाला की संरक्षणही निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. तेव्हा महागडा 50 अंकाचा लेप कंजूषपणे लावण्यापेक्षा परवडणारा 30 अंकाचा लेप सढळ हाताने लावणे श्रेयस्कर.

नियमित वापराच्या उपयुक्ततेचा भक्कम पुरावा ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये नॅम्बर येथे मिळाला. तेथे 1992 ते 1996 या काळात 1,621 व्यक्तींवर झालेल्या चाचणीत, दररोज लेप लावावयास सांगितलेल्या गटात त्वचेच्या स्क्वॅमस कर्करोगाचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी कमी आढळले. मात्र ही लोकसंख्या प्रामुख्याने गौरवर्णी होती. भारतीय त्वचेतील मेलॅनीन स्वतःच काही संरक्षण देते व असा कर्करोग आपल्याकडे पुष्कळ विरळ आहे; म्हणून ते आकडे येथे जसेच्या तसे लागू करणे सयुक्तिक नाही.

आपल्याकडील प्रमुख तक्रार काळवंडण्याची व वांगाची. सावळ्या त्वचेवर जंबुपार ‘ए’ किरणांबरोबरच दृश्य प्रकाशही, विशेषतः त्यातील निळा-जांभळा भाग, दीर्घकाळ टिकणारा काळेपणा आणतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. एस.पी.एफ.मध्ये याची नोंदच नसते. म्हणून वांग असलेल्याने ‘ए’ किरणांपासून संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख असलेला व आयर्न ऑक्साइडयुक्त, त्वचेच्या रंगाशी जुळणारा लेप घ्यावा. झिंक ऑक्साइडचे लेप नाजूक त्वचेला सोसतात. पण ते सावळ्या चेहऱ्यावर राखेसारखे पांढरट दिसतात, आणि त्यामुळेच पातळ लावले जातात.

व्यवसायाप्रमाणे निवड बदलते. ग्रंथालयात खिडकीशी बसणाऱ्यास ‘ए’ किरणांची चिंता अधिक. पोहणाऱ्याने जलरोधक लेप घ्यावा. मात्र असे लेप पाण्यात 40 किंवा 80 मिनिटांपुरतेच तपासलेले असतात. सह्याद्रीत भूशास्त्राच्या किंवा वनस्पतिशास्त्राच्या सहलीस जाणाऱ्यांनी दर दोन तासांनी, आणि घाम पुसल्यावर लगेच, लेप पुन्हा लावावा. कान व मानेची मागील बाजू हमखास विसरली जाते. तेथे रुंद काठाची टोपी व कॉलरचा सदरा लेपाहून अधिक भरवशाचे, कारण त्यांचा थर घामाने पातळ होत नाही.