संज्ञा आणि वर्णन : डिजिटल चित्रकॅमेऱ्याची फाइलनामे

संज्ञा वस्तूचा केवळ निर्देश करते. वर्णन तिचे गुण सांगते. भाषाभ्यासकास परिचित असलेल्या या भेदाला व्यवहारात किती महत्त्व येऊ शकते, याचे उद्बोधक उदाहरण डिजिटल चित्रपटनिर्मितीत आढळते. कॅमेरा प्रत्येक चित्रखंडास आपोआप जे फाइलनाम देतो, त्याची रचना व प्रयोजन यांचा विचार येथे करावयाचा आहे.

फिल्मच्या कडेवर कारखान्यातच क्रमांक उमटविलेले असतात. संकलकाने कामाच्या प्रतीवर केलेली निवड मूळ निगेटिव्हमध्ये शोधण्यास हे क्रमांक उपयोगी पडत. डिजिटल चित्रणात अशी कड नाही. संकलन बहुधा हलक्या प्रतींवर होते आणि अखेरीस मूळ फायली शोधाव्या लागतात. हा दुवा मुख्यतः फाइलनाम व टाइमकोड यांवर अवलंबून असतो. दोन चित्रखंडांचे नाव एकच असेल, तर अंतिम चित्रपटात भलतेच दृश्य येऊन बसण्याचा संभव असतो.

आरी कंपनीच्या २०१० मधील अलेक्सा कॅमेऱ्याची पद्धती पाहू. त्यातील एक नमुनेवजा नाव असे : 'ए००१सी००३_१५०६२१_आर१एबी'. मूळ लेखन रोमन लिपीत असते. 'ए' हे कॅमेऱ्याचे अक्षर. दुसरा कॅमेरा असल्यास तेथे 'बी' येते. '००१' हा रिळाचा, म्हणजे आता मेमरी कार्डाचा, क्रमांक. 'सी००३' हा त्यावरील तिसरा चित्रखंड. पुढे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख आणि शेवटी त्या विशिष्ट यंत्राची ओळख. येथे प्रत्येक वर्णाचा अर्थ त्याच्या स्थानावरून ठरतो. आरंभीची शून्येही निरर्थक नाहीत : निव्वळ वर्णक्रमाने मांडणी केल्यास त्यांच्या अभावी १० हा अंक २ च्या आधी येईल. वर्ष प्रथम घालण्याचे कारणही हेच होय.

रेड कंपनीच्या रूढ पद्धतीत हेच नाव 'ए००१_सी००३_०६२१बी७_००१' असे होईल. येथे वर्ष नाही. 'बी७' हे दोन वर्ण यादृच्छिक असतात. त्यांना कोणताही अर्थ नाही, आणि तीच त्यांची उपयुक्तता आहे. एरवी समान ठरणारी दोन नावे त्यांच्यामुळे बहुधा वेगळी राहतात. शेवटचे तीन अंक खंडित फायलींचा क्रम दाखवितात.

याउलट, छायाचित्रकॅमेऱ्यांसाठी जपानमध्ये १९९८ साली ठरलेल्या संकेतानुसार नावात चार वर्ण व चार अंक एवढेच असतात. ९९९९ नंतर क्रम पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. अशा दोन कॅमेऱ्यांनी एकत्र चित्रण केल्यास नामसाम्य सहज घडते.

जुन्या संकलनयंत्रांचा वारसाही या नावांत दिसतो. सीएमएक्स ३६०० या संकलनयादीत रीळनामास रूढीने आठच वर्णांची जागा असते. आरीच्या नावाचा पहिला गट मूळ लिपीत नेमका आठ वर्णांचा आहे. मात्र तेवढाच भाग यादीत उतरला, तर तारीख गळते. म्हणून चित्रीकरणाच्या प्रत्येक दिवशी रीळक्रमांक पुन्हा एकपासून सुरू न करता तो अखेरपर्यंत वाढवीत न्यावा, असा शिरस्ता आहे.

या नावांत दृश्य, पात्र किंवा प्रसंग यांचा उल्लेख नाही, हे लक्षणीय होय. कॅमेऱ्यास जे निश्चित ठाऊक असते तेवढेच तो नावात घालतो. दृश्यक्रमांक पुढे बदलतात, क्लॅपच्या पाटीवर चूक होते. अशी माहिती स्वतंत्र नोंदीत राहिली तर तिची दुरुस्ती करता येते. नाव मात्र बदलले की मागील सर्व याद्या निराधार होतात.

बोलींचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या अभ्यासकांनी यावरून बोध घेण्याजोगा आहे. फाइलीस गावाचे, निवेदकाचे वा कथेचे नाव देण्याचा मोह स्वाभाविक आहे; परंतु त्याच गावात दुसरी कथा मिळताच ते नाव अपुरे पडते. यंत्र, दिनांक व क्रमांक यांपुरतीच संज्ञा ठेवावी आणि वर्णन नोंदवहीत करावे. संज्ञा स्थिर राहिली, तरच वर्णनास वाढण्याची मोकळीक मिळते.