न गुदमरता हरपणारी शुद्ध

विमानाचा शोध लागण्याआधी उड्डाणाचे वेड असलेली फ्रेंच मंडळी बलूनमधून आकाशाचा अभ्यास करत असत. १५ एप्रिल १८७५ रोजी पॅरिसमधून ‘झेनिथ’ नावाचे बलून उडाले. त्यात तिघे होते : रसायनतज्ज्ञ गास्ताँ तिसांदिए, अभियंता जोसेफ क्रोसे-स्पिनेली आणि जुना दर्यावर्दी थिओडोर सिव्हेल. जमेल तितके उंच जाऊन निरीक्षणे करायची, हा त्यांचा बेत होता.

तिघे बेफिकीर मुळीच नव्हते. पॅरिसमधील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक डॉ. पॉल बेर यांनी एक हवाबंद कोठी बनवली होती. तिच्यातली हवा ओढून घेतली की आत बसलेल्याला डोंगरमाथ्याचा अनुभव येई. उंचीवरचा त्रास हा रक्तात प्राणवायू कमी पोहोचल्यामुळे होतो, हे बेर यांनी दाखवून दिले. क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल या कोठीत बसून आले होते. त्यामुळे ‘झेनिथ’मध्ये प्राणवायूमिश्रित हवेच्या पिशव्या टांगलेल्या होत्या. मात्र हा साठा तिघांना पुरणार नाही, असे बेर यांनी पत्राने कळवले होते. तयारी बदलली गेली नाही. प्राणवायू जपून, अगदी गरज वाटेल तेव्हाच वापरायचा, असे ठरले. ऐकायला शहाणपणाचा वाटणारा हा निर्णयच घातक ठरला.

कारण ‘गरज वाटणे’ हे मेंदूचे काम, आणि प्राणवायू कमी पडला की आधी मेंदूच मंदावतो. सात हजार मीटरच्या पुढे तिसांदिए यांच्या वहीतले अक्षर वेडेवाकडे होत गेले. तरी आपण ठीक आहोत, अशीच नोंद त्यांनी केली. पुढे नळी तोंडाशी न्यायला हात उचलेना, बोलायला जीभ वळेना. भीती वाटली नाही. उलट मनाला एक प्रकारचा आनंद वाटत होता, असे त्यांनी नंतर सांगितले.

तिघेही बेशुद्ध पडले. काही वेळाने बलून आपोआप खाली येऊ लागले आणि क्रोसे-स्पिनेली शुद्धीवर आले. खाली येणे हाच खरा उपचार होता. पण त्या भ्रमिष्ट अवस्थेत त्यांनी एक जड उपकरण आणि अंगावरची पांघरुणेसुद्धा बाहेर फेकली. हलके झालेले बलून पुन्हा वर गेले. तिसांदिए यांना परत जाग आली तेव्हा दोघे सोबती मरण पावले होते. बलून सुमारे ८,६०० मीटरपर्यंत गेले होते. तिसांदिए वाचले, पण त्यांना ऐकू येईनासे झाले. तरीही १८८३ मध्ये भावाच्या मदतीने त्यांनी विजेच्या मोटारीवर चालणारे हवाई जहाज बांधून उडवले!

आठ हजार मीटरवरही हवेत प्राणवायूचे प्रमाण २१ टक्केच असते. मात्र हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश उरल्याने तो रक्तात पुरेसा शिरत नाही. मग जीव गुदमरत का नाही? गुदमरल्याची भावना मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे येते. उंचीवर श्वास जलद होतो आणि तो वायू बाहेर पडत राहतो, त्यामुळे धोक्याची घंटा वाजतच नाही. कोविडच्या काळात ऑक्सिमीटरवर ८० चा आकडा दिसत असतानाही काही रुग्ण निवांत गप्पा मारत, त्याचे एक महत्त्वाचे कारण हेच होते.

लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. मुंबई-पुण्याहून विमानाने तिथे आणि पुढे आणखी उंच खिंडींत जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे : सोबत्याचा तोल जाऊ लागला किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर त्याच्या ‘मी ठीक आहे’वर विसंबू नये. त्याला ताबडतोब खाली आणावे, प्राणवायू मिळाल्यास द्यावा.

प्रवासी विमान दहा-अकरा किलोमीटरवरून उडते. आत मात्र साधारण २,४०० मीटर उंचीइतका किंवा त्याहून जास्त दाब राखलेला असतो. तोही फुप्फुसाच्या जुनाट रुग्णांना त्रासदायक ठरू शकतो. त्यांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारावे. हा दाब अचानक गेला तर नीट विचार करण्यासाठी जेमतेम अर्धे ते एक मिनिट हाती असते. म्हणूनच विमानात सांगतात, शेजारी स्वतःचे मूल असले तरी मास्क आधी स्वतःला लावा, मग मुलाला.